तीन दिव्यांचा कौल

दसऱ्याला लावलेलं कुंकू आठवडा होत आला तरी तसंच होतं, आणि ते पुसायला कुणी तयार नव्हतं.

रोह्याच्या एमआयडीसीत गोळ्या-औषधं खोक्यांत भरणारी ती एक लहानशी कंपनी. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या लाइनवर सगळ्या बायकाच. पट्ट्यावरून खोकी एकामागोमाग एक सरकत येतात, आणि मध्ये एका लोखंडी दांडीवर साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी बसवलेली आहे. तिला रीडर म्हणतात. खोकं खालून गेलं की डबीच्या काचेतून तांबडी रेघ खोक्यावरच्या काळ्या उभ्या रेघांवर पडते आणि डबी त्या रेघा वाचते. डोक्यावर तीन बारीक दिवे आणि कडेला एक रबरी बटण. हिरवा लागला तर खोकं पास. लाल लागला तर नापास. मग पुढचा दांडा त्या खोक्याला बाजूच्या पेटीत लोटून देतो. बटणाला चिकटून असलेला तिसरा दिवा पिवळा. इंजिनियर त्याला मॅचचा दिवा म्हणायचा. बायकांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'वळख'.

नाव चुकीचं नव्हतं. माल बदलला की इंजिनियर यायचा, नव्या मालाचं एक खोकं रीडरपुढे धरायचा आणि बटण दाबायचा. मग रीडरला त्या खोक्याची वळख पटायची आणि पिवळा दिवा लागून राहायचा. तो लागलेला असला की समजायचं, रीडर आता ह्याच जातीचं खोकं सोडणार, दुसरं आलं तर लाल दाखवणार. तशी गरजही होती. कारण गोळ्या दोन ताकदीच्या होत्या. एक साधी, एक तिच्या दुप्पट. खोकी दिसायला बहिणी-बहिणी. साधीवर निळी पट्टी, दुप्पटीवर जांभळी. पट्ट्यावरून पळताना डोळ्याला फरक कळत नसे. डोळ्याला कळत नाही म्हणून तर रीडर.

त्या सकाळी अनन्या मॅडम लाइनवर आल्या. माल नीट आहे की नाही हे बघायचं काम त्यांच्याकडे. पेणची मुलगी, वडील मास्तर होते, शिकून नुकतीच नोकरीला लागलेली. पांढऱ्या खोक्यावर तांबडी पूड पडलेली त्यांनी बोटाने पुसून पाहिली आणि वर रीडरकडे बघितलं.

"हे कुंकू सुकून खाली गळतंय. आज पुसून टाका बरं." एवढं बोलून त्या पुढच्या लाइनकडे गेल्या.

चहाची सुट्टी झाली होती. पट्टा थांबला. बायका टोप्या काढून उभ्या राहिल्या.

"मी नाय पुसनार," सुगंधा म्हणाली. लाइनवर तीच सगळ्यांत जुनी. "सवाशिनीनं कुंकू पुसू नये. मॅडमना सांगायला काय जातंय."

"मी पन नाय," पिंकी म्हणाली. ती सगळ्यांत लहान. "माझं लगीन ठरलंय गो."

"बघा, हिचं अजून व्हायचंय तरी हिला भ्या," सुगंधा म्हणाली.

हसल्या सगळ्या. आणि मग हसणं संपल्यावर कुणीच चंद्रावतीकडे बघितलं नाही. एकीने चपलेचा पट्टा नीट केला, एक नळाकडे गेली. कुणी बघत नाही म्हटल्यावर चंद्रावतीला समजलं.

"जिनं लावलं तिनंच पुसावं म्हना," सुगंधा जाता जाता बोलली. "चहा आनते तुला इथंच."

चंद्रावती पेणजवळच्या जिते गावची. माहेर खाडीकडचं, मिठागरावरचं. लहानपणी आईबरोबर वाफ्यात उभी राहून तिने मीठ ओढलेलं. पायाला पडलेल्या भेगा अजून थंडीत उलतात. लग्न होऊन जित्याला आली. नवरा पुंडलिक जवळच्या जोहे गावातल्या कारखान्यात गणपतीचे साचे भरायचा, हिने तिथेच मूर्ती घासायचं काम धरलं. पॉलिशपेपरने सोंड घासताना हात कसा हलका ठेवायचा हे तिला पुंडलिकने शिकवलं होतं. पुढे पुंडलिकला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग पेणचा दवाखाना, आणि ह्या दोन्हींच्या मध्ये एकदा माहेरच्या देवाला कौल.

तिच्या माहेरी देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी पडली तर होय. डावीकडची पडली तर नाही. चंद्रावती सकाळची बसली ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसून होती. पाकळी उजवीही पडली नाही आणि डावीही नाही. गुरव म्हणाला, "देव आज बोलत नाय, बाय." पुंडलिक गेल्यावर तिने देवाला हात जोडणं सोडलं नाही, उपास सोडले नाहीत; पण विचारायचं म्हणून परत काही विचारलं नाही. मुलगी मनस्वी पेणला कॉलेजात जायला लागली तेव्हा ती ह्या कंपनीत आली. जित्याहून सकाळची गाडी, रोह्याला उतरून मिनीडोर रिक्षा, संध्याकाळी तोच रस्ता उलटा.

दसऱ्याला कंपनीत यंत्रांची पूजा असते. लाइनचा इनचार्ज निलेश झेंडूच्या माळा घेऊन आला. निजलेल्याला कुंकू लावू नये असं त्याचं म्हणणं, म्हणून पट्टा थांबवला तरी यंत्रांचा करंट चालू ठेवायचा. दरवर्षी ताट सुगंधाच्या हातात असायचं. पण ह्या वेळी पिंकीने ते घेतलं आणि सरळ चंद्रावतीपुढे धरलं.

"ह्या रीडरपुढं तूच बसतेस ना दिवसभर? मंग रीडरला तूच लाव, काकी."

"मी कशी लावू, पोरी?"

"आता कोन मानतं गो ते?"

मानणारी समोरच उभी होती. सुगंधा म्हणाली, "लाव बाय लाव. देवाला चालत असंल तर आमी कोन." बोलणं गोड होतं, पण त्यातला काटा सगळ्यांना ऐकू आला. निलेश म्हणाला, आटपा, मिनीडोर निघून जातील. तेव्हा चंद्रावतीने बोट कुंकवात बुडवलं. कोरडं झडून जाऊ नये म्हणून ओलं करून घेतलेलं कुंकू. रीडरच्या कडेला, जिथे बोट नीट टेकेल तिथे, तिने ते ठेवलं आणि डोळे मिटले. किती वर्षांनी ती कुणाला कुंकू लावत होती. बोट घसरू नये म्हणून तिने ते दाबून धरलं आणि माहेरच्या देवाचं नाव घेतलं.

डोळे उघडले तर रीडरचे दिवे लुकलुकत होते. हिरवा, लाल आणि कुंकवाच्या कडेने दिसणारा पिवळाही. तिन्ही एकदम लागायचे, एकदम जायचे, परत लागायचे. मग थांबले.

कुणाचं लक्ष नव्हतं. पिंकी नारळ शोधत होती. चंद्रावती मात्र जागेवरून हलली नाही. तिने काही विचारलंच नव्हतं, आणि हा कौल आला होता. तिच्या हातचं कुंकू देवाला चाललं होतं. त्या दिवशी गाडीत खिडकीशी बसून ती नागोठण्यापर्यंत हसत होती, स्वतःशीच. मनस्वीलाही सांगितलं नाही. असलं सांगितलं की उडून जातं. नंतरचे सगळे दिवस ती कामाला आली ती जरा ताठ मानेने आली.

आणि आज तेच पुसायचं होतं.

तिने फडकं ओलं केलं, मनातल्या मनात माफी मागितली आणि पुसलं. कुंकू दगडासारखं झालेलं. नखाने खरवडावं लागलं. खालून बटण निघालं, मग त्याला चिकटलेला दिवा निघाला.

दिवा विझलेला होता.

आधी तिला वाटलं, काचेवर तांबडं राहिलंय. तिने परत पुसलं, फुंकर घातली, तळहाताचा आडोसा करून वाकून पाहिलं. हिरवा लागायला तयार होता, डबीत करंट होता, तांबडी रेघ पट्ट्यावर पडलेली होती. नुसती वळख नव्हती.

मग तिला इंजिनियर आठवला. माल बदलायला आला की आधी तो बटण बराच वेळ दाबून धरायचा. तिन्ही दिवे एकदम लुकलुकायचे, आणि तो बायकांकडे बघून म्हणायचा, झाली ह्याची पाटी कोरी. मग नवं खोकं शिकवायचा. हे तिने बसल्या जागेवरून कितीदा तरी पाहिलं होतं. इंजिनियरच्या बोटाखाली दिवे लुकलुकले तेव्हा ते यंत्राचं काम होतं. आपल्या बोटाखाली लुकलुकले तेव्हा ते देवाचं वाटलं.

 दसऱ्यापासून माल बदलला नव्हता, इंजिनियर आला नव्हता; तेव्हापासून रीडर कोरा होता. कोऱ्या रीडरला सगळी खोकी सारखी. रेघा वाचता आल्या की हिरवा, मग पट्टी निळी असो नाहीतर जांभळी. रोज सकाळी अनन्या मॅडम परीक्षेचं खोकं पाठवायच्या खऱ्या, पण ते खोकं पेनाने रेघोट्या ओढून खराब केलेलं. ते रीडरला वाचताच येत नसे, म्हणून लाल लागायचा, आणि परीक्षा पास व्हायची. वळख आहे की नाही हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिचा दिवा कुंकवाखाली.

बाहेरून बायकांचे आवाज यायला लागले. चंद्रावतीने काय केलं ते तिचं तिलाच नंतर नीट सांगता येईना. तिने एक निळ्या पट्टीचं खोकं उचललं, रीडरपुढे धरलं, बटण दाबलं आणि सोडलं. पिवळा दिवा लागला. लागून राहिला. तिने फडकं धुतलं, तांबडं पाणी मोरीत गेलं, आणि सुगंधा चहाचा ग्लास घेऊन आली तेव्हा ती जागेवर बसलेली होती.

"पुसलंस? बघ, काय झाला त्यात. तोंड का असा करून बसलीस?"

"काय नाय."

पट्टा सुरू झाला. हिरवा, हिरवा, हिरवा. चंद्रावतीने स्वतःला समजावलं की झालं ते झालं. आता वळख आहे. मधल्या दिवसांत काही झालंच असेल कशावरून? घड्या घातलेल्या खोक्यांची बंडलं छापखान्यातून बांधून येतात; निळ्यात जांभळं कशाला येईल? सांगितलं तर काय होईल ते तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. नोकरी कंत्राटाची. गेटवरच पास काढून घेतात. आणि नोकरी गेली नाही तरी सुगंधाचं तोंड. तिच्या हाताने लावलं तेव्हाच मी बोलले होते, हे ती जित्याच्या फलाटापर्यंत पोचवील. चंद्रावतीला नोकरीपेक्षा त्या वाक्याचीच धास्ती जास्त वाटली, आणि तसं वाटतंय ह्याची तिला लाजही वाटली.

जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी लाल दिवा लागला. दांड्याने एक खोकं पेटीत लोटलं. सुगंधाने ते उचलून उलटसुलट केलं.

"अगो, हे जांभळं. निळ्याच्या बंडलात जांभळं घालतात, डोळे हायत का काय त्यांना." आणि तिने ते परत पेटीत टाकलं.

पिंकी म्हणाली, "बरं झालं रीडरनं पकडला."

चंद्रावतीचे हात पट्ट्यावर थांबले. मागून खोकी येऊन तिच्या मनगटावर आदळायला लागली.

"काकी, झोपलीस काय?"

बंडलात जांभळं येतं. आज आलं म्हणजे काल आलं असेल, परवा आलं असेल, आणि हिरवा दिवा लागून गोडाऊनला गेलं असेल. वर जांभळी पट्टी, आत साधी गोळी. दुप्पट ताकदीची गोळी लागणारी एखादी म्हातारी असेल. सून म्हणेल, आई, गोळी घेतलीत का. रोजची गोळी, रोजचं खोकं, म्हातारी पाण्याबरोबर गिळेल, दाब चढेल आणि मोरीत जाताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडेल. घरचे म्हणतील, वय झालं. कुणाला कळणारसुद्धा नाही की रोह्यात एका बाईने डोळे मिटून बटण दाबून धरलं होतं.

ती उठली. गोडाऊनच्या दाराशी काळुराम ड्रायव्हरचा ट्रक लागलेला सकाळीच तिने पाहिला होता. निलेश तिथेच उभा होता, कानाला फोन.

"निलेशदादा, एक बोलायचं होता."

"सुट्टी पायजे? उद्या बघू."

"सुट्टी नाय. रीडरचं..."

"रीडर बंद पडला?"

"नाय, चालू हाय."

"चालू हाय ना, मंग नंतर बोल गो." आणि तो फोनवर बोलत बोलत दुसरीकडे गेला.

ती परत लाइनकडे वळली. दोन पावलं गेलीही. सांगायला गेले होते, ऐकलं नाही, माझा काय दोष, असं म्हणायची सोय आयती झाली होती. ती सोय तिला इतकी हवीशी वाटली की तिची तिलाच भीती वाटली. जेवणाची घंटा झाली. सगळ्या कॅन्टीनकडे निघाल्या, आणि चंद्रावती अनन्या मॅडमच्या खोलीकडे.

मॅडम डबा उघडून बसल्या होत्या. "या मावशी. जेवलात?"

"मॅडम, ट्रक थांबवा."

तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बोट, कुंकू, तिन्ही दिवे लुकलुकले ते. फक्त ते आपल्याला काय वाटलं होतं, एवढं सांगितलं नाही. अनन्या मॅडमचा घास हातात राहिला.

"पण आत्ता तर पिवळा लागलाय. येताना मी बघितला."

"मी लावला. चहाच्या टायमाला."

"तुम्ही परत शिकवलंत? मावशी, का हात लावलात? तसंच ठेवून मला हाक मारायची होती ना. आता मी वर काय दाखवू, कधीपासून बंद होता ते?"

"दसऱ्यापासून. मी सांगते ना."

"तुम्ही सांगताय, पण..." त्या बोलता बोलता थांबल्या. रोजच्या परीक्षेवर सही त्यांची होती, हे त्यांच्या ध्यानात आलेलं चेहऱ्यावर दिसलं. डब्याचं झाकण तसंच टाकून त्या उठल्या आणि जवळजवळ पळतच निघाल्या. चंद्रावती मागोमाग.

गोडाऊनच्या दाराशी ट्रक नव्हता. जमिनीवर टायरचे ओले ठसे तेवढे होते.

निलेशला आता ऐकावंच लागलं. त्याचं तोंड उतरलं. "तू मघा हे सांगायला आली होतीस?"

चंद्रावतीने मान डोलावली. त्याने काळुरामला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. गाडी चालवताना काळुराम फोन उचलत नाही, ही त्याची चांगली सवय; सगळे एरवी त्याचं कौतुक करायचे. मॅडम नखं कुरतडत उभ्या होत्या. ट्रक पेणच्या पुढे गेला की पनवेल, आणि पनवेलच्या डेपोतून माल कुठे कुठे जाईल त्याचा पत्ता लागला असता, पण गोळ्या घरोघर पोचल्यावर. चंद्रावतीने डोळे मिटले नाहीत. डोळे मिटायचं तिला आता नको वाटत होतं. ती उघड्या डोळ्यांनी निलेशच्या हातातल्या फोनकडे बघत उभी राहिली.

बऱ्याच वेळाने फोन उलटा वाजला.

"काय रं निलेश, जीव घेतोस काय. नागोठण्याला वडा खायाला थांबलोय. खाऊ दे की."

"खा आनि मागं फिर."

"मागं? का, तुझी बायको ऱ्हायली काय गाडीत?"

"काळुराम, मस्करी नको. माल उतरवायचाय."

ट्रक परत आला तेव्हा उन्हं कलली होती. लाइन बंद करून सगळ्या बायकांना गोडाऊनमध्ये बसवलं. मोठी खोकी फोडायची, आतलं एकेक लहान खोकं उजेडात धरून पट्टी बघायची. संध्याकाळची गाडी चुकणार हे उघड होतं, आणि का चुकणार ते कुणीतरी सांगायला हवं होतं. निलेश घसा खाकरायला लागला तेव्हा चंद्रावतीच बोलली.

"माझ्यानं झाला. कुंकू लावताना बटण दाबून धरलं मी. रीडर सगळं विसरला."

गोडाऊनमध्ये नुसता पुठ्ठे फाडल्याचा आवाज. सुगंधाने मान वर केली नाही.

"तरी मी बोललेच होते," ती म्हणाली. ठरल्यासारखं आलं ते वाक्य. चंद्रावती दुपारपासून ज्याला भीत होती ते आलं आणि गेलं. वाटलं होतं तेवढं लागलं नाही. किंवा लागलं असेल, पण हातातल्या खोक्याची पट्टी बघायची होती.

पिंकी म्हणाली, "ताट मी दिलं होतं, सुगंधाकाकी. मंग माझं पन नाव घे."

"गप गो तू."

निळं. निळं. निळं. एवढी निळी खोकी निघाली की चंद्रावतीच्या मनात आशा जागी व्हायला लागली, आणि लगेच त्या आशेची भीती वाटायला लागली. काही निघालंच नाही तर सगळे तिला शिव्या देतील, आणि तिला त्या हव्या होत्या.

"हे बघा," सुगंधा म्हणाली.

तिच्या हातात जांभळं होतं. ती ते उजेडात धरून बघत राहिली, जसं काही जास्त बघितल्यावर त्याचा रंग बदलेल. तिची सासू जांभळ्याच गोळीवर आहे, दुप्पट, हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळाने तिने ते खोकं मॅडमपुढे ठेवलं आणि चंद्रावतीला म्हणाली, "सरक जरा. हितं उजेड येत नाय."

चंद्रावती सरकली. सुगंधा तिच्या शेजारी येऊन बसली आणि पुढचं मोठं खोकं दोघींच्या मध्ये ओढलं. त्यात अजून दोन निघाली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. अनन्या मॅडम आधीच आत होत्या, डोळे सुजलेले. साहेबांनी सगळं परत ऐकून घेतलं. विचारलं, शेवटी सांगितलंस कशामुळे, आणि सांगायला उशीर का. दोन्हींचं उत्तर तिच्याकडे एकच होतं, "भ्याले, साहेब." परीक्षेसाठी आता रोज सकाळी जांभळं खोकं पाठवायचं ठरलं, बटणावर इंजिनियरने पत्र्याचं झाकण बसवलं, आणि पूजेचं साहेब म्हणाले की माळ घाला, नारळ फोडा, पण बोट लावायचं काम नाही. चंद्रावतीला लाइनवरून काढून खोक्यांच्या स्टोअरला टाकलं. छापखान्यातून आलेली बंडलं सोडून बघायची, निळ्यात जांभळं नाही ना. नोकरीवरून काढलं नाही, एवढ्यावर तिने देवाचे आभार मानले. ते मानताना दिव्यांचा विषय तिने काढला नाही. ते काय होतं, काय नव्हतं, ह्यात तिला आता शिरायचं नव्हतं.

पण जीव भांड्यात पडला नाही. कारण ट्रकच्या आधी, दसऱ्यानंतर लगेच, एक टेम्पो पेणच्या घाऊक दुकानदाराकडे गेला होता. त्याच्याकडचा माल परत आला. त्याने ज्या मेडिकलवाल्यांना दिला त्यांच्याकडूनही आला. थोडी खोकी मात्र विकली गेली होती. मेडिकलवाल्यांनी ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोन केले, दारावर कागद चिकटवले. विकली गेली ती निळी असतील, असंच सगळे म्हणत होते. असतीलही. मॅडम म्हणाल्या, "मावशी, आपण करायचं ते केलं. आता घरी जाऊन झोपा."

ती घरी गेली आणि झोपली नाही. रविवारी सकाळी देवपूजा आटोपून ती जित्यातच घराघरांत फिरायला लागली. कुणाला ब्लडप्रेशर आहे ते गावात सगळ्यांना माहीत असतंच. मनस्वी म्हणाली, मी पण येते, तुला बारीक अक्षर दिसत नाही. दोघी निघाल्या.

"आली बघा झडती घ्यायला," नाथाकाकांनी ओटीवरूनच हाक दिली. ते मिठागरावरचे जुने, तिच्या वडिलांच्या बरोबरीचे. "म्या काय चोरलंय, बाय?"

"गोळ्या दाखवा, काका."

"खातो ना वेळेवर. सून देते."

"वेळेवर खाता ते कळलं. खोकं कुठं हाय?"

काकांनी उशीखालून खोकं काढून दिलं. पेणहून आणलेलं, ह्याच आठवड्यातलं.  चंद्रावती ते घेऊन दारात उन्हाला गेली. खोकं तिरकं धरलं, सरळ धरलं. पट्टी निळी होती. मनस्वीने बाजूचा नंबर वाचला; माल त्याच दिवसांतला होता, पण पट्टी निळीच होती. चंद्रावतीने आतलं गोळ्यांचं पान काढून त्याच्यामागचं नावसुद्धा मनस्वीकडून दोनदा वाचून घेतलं.

"मरतोय का जगतोय?" नाथाकाकांनी विचारलं.

"जगताय. जेवून घ्या मंग गोळी."

"चहा तरी घे गो."

"येते, काका. खालच्या आळीला जायचंय अजून," ती म्हणाली, आणि पान खोक्यात नीट सरकवून, खोकं काकांच्या हातात देऊन पायऱ्या उतरली.